नवी गाडी दारात आली, आता पॉलिश मारायचं का? आधी हे वाचा

मिरज : शोरूममधून गाडी बाहेर पडली की पहिला मुक्काम ठरलेला असतो. कुणी सांगलीच्या गणपतीला जातं, कुणी मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात, कुणी नरसोबावाडीला, तर कुणी थेट जोतिबाच्या डोंगरावर. तिथून गाडी गावात येते. दारात औक्षण होतं, टायरखाली लिंबं जातात, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, पेढे वाटले जातात. आणि पेढा तोंडात असतानाच कुणीतरी म्हणतं, "दाजी, आत्ताच एक पॉलिश मारून घ्या, चमक टिकंल." दुसरा म्हणतो, "पॉलिश कसलं ओ, आता सिरॅमिक करत्यात." तिसऱ्याचं वेगळंच, "मला शोरूमवाल्यानंच करून दिलं, पंचवीस हजार घेतले." ज्याची गाडी तो गप्प. उसाचं बिल, द्राक्षाचे चार पैसे आणि बँकेचं कर्ज असं जुळवून गाडी घेतलेली असते. आता आणखी पंचवीस हजार कुठून काढायचे आणि काढायचेच का, हे त्याला कुणी नीट सांगत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्या दिवशी घटस्थापना होती. तेव्हापासून हा प्रश्न आमच्याकडं जास्तच यायला लागलाय. म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

थोडक्यात उत्तर आधी देतो. नव्या गाडीला पॉलिश लागत नाही. उलट विनाकारण मशीन फिरवलं तर रंगाचं आयुष्य कमी होतं. नव्या गाडीचा रंग जपावा लागतो, आणि पॉलिश करणं व जपणं ही दोन वेगळी कामं आहेत. घोटाळा होतो तो पॉलिश या शब्दामुळं.

तंबोऱ्याचं पॉलिश आणि तलवारीची शिकल

मिरजकरांना पॉलिश हा शब्द नवा नाही. सतारमेकर गल्लीत सतार किंवा तंबोरा तयार झाला की त्याला चपड्याचं पॉलिश करतात. चपडा म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणारी राळ. ती स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं थरावर थर चढवतात. म्हणजे तिथं पॉलिश करणं म्हणजे लाकडावर काहीतरी चढवणं.

पण हीच वाद्यं बनवणारी शिकलगार मंडळी मूळची शस्त्रं घासणारी. तलवारी-भाल्यांना धार लावायची, त्यांना चकाकी आणायची, हे त्यांचं काम. इंग्रजी अमलात शस्त्रांचा धंदा बसला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार यांनी मिरजेत तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. त्याच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तर या शिकलगारांचं जुनं काम, म्हणजे शिकल करणं, हे तंबोऱ्याच्या पॉलिशच्या बरोबर उलटं. तिथं वर काही चढवत नाहीत. खरवडलेला, गंजलेला थर घासून काढायचा, की खालचं पातं चमकतं.

गाडीचं मशीन पॉलिश हे तलवारीच्या शिकलीसारखं आहे. त्यात बारीक खर असलेली पेस्ट असते. ती फिरत्या पॅडला लावून गाडीच्या वरच्या थराचा पापुद्रा काढला जातो. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा भाग खाली आणला की ओरखडा दिसेनासा होतो. ओरखडा भरलेला नसतो, त्याच्या शेजारचं कमी केलेलं असतं.

आता कमी करायला तिथं आहे तरी किती, ते बघू.

गाडीच्या पत्र्यावर आधी गंज धरू नये म्हणून एक थर असतो. रंगाच्या हौदात पूर्ण सांगाडा बुडवून विजेच्या साहाय्यानं तो बसवतात. त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे एका मिलिमीटरचा हजारावा भाग. वर्तमानपत्राचा कागद अंदाजे ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे तुमच्या दहा लाखांच्या गाडीवरचा सगळा रंग मिळून पेपरच्या दोन पानांएवढाही जाड नाही. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे अर्धं-पाऊण पान.

चमक असते ती या क्लिअर कोटची. उन्हातली अतिनील किरणं अडवणारे घटकही त्यातच असतात. जोरात कंपाउंड लावून एकदा मशीन फिरवलं की दोन ते पाच मायक्रॉन सहज जातात. कडेला, म्हणजे बॉनेटच्या घडीवर आणि दाराच्या कोपऱ्यावर, त्याहून जास्त. एकूण आठ-दहा मायक्रॉन गेले की ऊन सोसायची ताकद कमी व्हायला लागते, असं या धंद्यातले जाणकार धरून चालतात. मग चार-पाच वर्षांनी टपावर आणि बॉनेटवर पांढुरके चट्टे उठतात, साल निघाल्यासारखं दिसतं. तालुक्यातल्या कुठल्याही बाजाराच्या दिवशी दहा जुन्या गाड्या बघा, दोन-तीन तरी अशा दिसतील. ते चट्टे कुठल्याही पॉलिशनं जात नाहीत. पुन्हा रंग द्यावा लागतो.

माझ्या पहिल्या गाडीचं असंच झालं. काळी गाडी, सेकंडहँड नव्हे, नवी घेतलेली. दर दिवाळीला एका सेंटरवर नेऊन 'रबिंग-पॉलिश' करून घ्यायचो. पोरगा मशीन फिरवायचा आणि गाडी आरशासारखी व्हायची. मी खूश, तोही खूश. चौथ्या दिवाळीला बॉनेटच्या कडेवर काळ्याच्या जागी करडा पट्टा दिसला. पोराला विचारलं तर म्हणाला, "साहेब, रंगच हलका हाय गाडीचा." रंग हलका नव्हता. चार वर्षं मीच पैसे देऊन तो खरवडून घेतला होता.

गाडी ताब्यात घेण्याआधी

नव्या गाडीवर पहिले ओरखडे बहुतेक वेळा शोरूममध्येच पडतात. कारखान्यातून गाडी ट्रेलरवर किंवा रेल्वेनं येते, मोकळ्या यार्डात धूळ खात उभी राहते. डिलिव्हरीच्या सकाळी कुणीतरी तिच्यावर पाणी मारतं, आणि ज्या फडक्यानं आधीच्या गाडीचं चाक पुसलं त्याच फडक्यानं हिचं बॉनेट पुसतं. वर चमक दिसावी म्हणून एक मेणचट पॉलिश. सावलीत काही दिसत नाही. घरी आणून उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल बारीक रेघा दिसतात. काळ्या, निळ्या, लाल गाडीवर जास्त दिसतात, पांढऱ्या-चंदेरीवर लपतात. गावच्या रस्त्याला पांढरी गाडी बरी असं मी म्हणतो ते यासाठीच, पण घरात पोरांचं ऐकावं लागतं.

यावर उपाय साधा आहे. बुकिंगच्या वेळीच सांगायचं, "गाडी नुसत्या पाण्यानं धुवा, पुसू नका, पॉलिश मारू नका. आम्ही घरी पुसतो." ऐकतात. ऐकलं नाही तर आणखी एकदा सांगायचं. आणि गाडी पासिंगला जायच्या आधी एकदा दिवसाउजेडी, उन्हात उभी करून चारी बाजूंनी बघायची. एखाद्या दाराचा रंग शेजारच्या दारापेक्षा वेगळा वाटला, रबराच्या कडेला रंगाचे शिंतोडे दिसले, तर यार्डात ठोकर बसून तो भाग परत रंगवलेला असू शकतो. तेव्हाच विचारायचं. एकदा एमएच-१० चा नंबर पडला की मग बोलून फारसा उपयोग होत नाही.

"रंग अजून कच्चा आहे, सहा महिने धुवू नका" हा सल्लाही ऐकायला मिळतो. तो कारखान्यातल्या रंगाला लागू नाही. तिथं रंग भट्टीत साधारण १४० अंशाला भाजलेला असतो, गाडी तुमच्याकडं येते तेव्हा तो पक्का झालेला असतो. पहिल्याच आठवड्यात धुतली, वॅक्स लावलं तरी चालतं. गावातल्या गॅरेजमध्ये दार किंवा बंपर परत रंगवला असेल तर मात्र महिना-दोन महिने त्यावर वॅक्स किंवा कोटिंग चढवू नये, कारण तो रंग कमी उष्णतेवर वाळवलेला असतो आणि आतला थिनर हळूहळू बाहेर पडत असतो.

पूजा जरूर करा, पण

पूजा करू नका असं कुणी म्हणणार नाही. फक्त स्वस्तिक बॉनेटवर काढण्याऐवजी पुढच्या काचेच्या कोपऱ्यावर काढलं तर देवाची काही हरकत नसावी. काचेवरचं कुंकू पुसलं जातं. बॉनेटवरचं ओलं किंवा तेलात कालवलेलं कुंकू दोन दिवस उन्हात राहिलं तर त्यातला रंग पांढऱ्या गाडीवर गुलाबी डाग सोडतो. हळदीचं तेवढं वाईट नाही, हळदीचा डाग उन्हानंच फिका पडत जातो.

झेंडूचा हार तारेनं बांधतात, ती तार वाऱ्यानं हलून बॉनेट खरवडते. हार सुतळीनं बांधा आणि घरी पोचल्यावर काढून ठेवा. आठवडाभर हार सुकत ठेवायची पद्धत ट्रकला ठीक आहे. नारळ गाडीसमोर जमिनीवर फोडा, बंपरच्या अगदी जवळ नको, करवंटी उडते.

जोतिबाला जाऊन आलेल्या गाडीवर गुलाल असतोच. तो कोरडा असेपर्यंत काही करत नाही. लोक मात्र घाईनं ओल्या फडक्यानं पुसायला जातात आणि तिथंच बिघडतं. गुलाल ओला झाला की रंग सोडतो, आणि फडक्याखाली त्याची पूड घासली जाते ती वेगळीच. आधी सुपानं किंवा फवारणीच्या पंपाच्या नुसत्या हवेनं उडवायचा, मग पाइपानं वरून खाली भरपूर पाणी सोडायचं. हात शेवटी लावायचा.

पाणी कुठलं वापरता?

गाडी खराब होते ती धुळीनं कमी आणि धूळ पुसण्यानं जास्त. रोज सकाळी कोरडं फडकं घेऊन गाडी पुसायची सवय आपल्याकडं फार. बाहेर जाताना गाडी झकास दिसावी ही हौस. पण रस्त्याच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कठीण असतात. कोरड्या फडक्यानं पुसणं म्हणजे बारीक पॉलिश पेपर फिरवणं. धूळ बसली असेल तर बसू द्या, चार दिवसांनी धुवा. डिझेल किंवा रॉकेलचं फडकं फिरवून चमक आणणं तर बंदच करा. चमक तासभर राहते, मग त्या तेलकटावर दुप्पट धूळ चिकटते.

पाण्याचं आपल्या तालुक्यात वेगळं प्रकरण आहे. नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात, डिग्रज-दुधगाव-समडोळीकडं, वर्षानुवर्षं भरमसाट पाणी देऊन जमिनी क्षारपड झाल्या हे आपण जाणतो. पूर्व भागात बोअरवर भिस्त. बोअरचं पाणी जड असलं की त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त. घरात स्टीलच्या पातेल्याला, गिझरच्या कॉइलला जो पांढरा थर धरतो तोच गाडीवर बसतो. गाडी धुऊन उन्हात वाळवली की प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरं कडं राहतं. ते तसंच राहून वर रोज ऊन लागलं तर क्लिअर कोटमध्ये खड्डा पडल्यासारखा डाग बसतो, मग तो धुऊन जात नाही.

म्हणून बोअरच्या पाण्यानं धुतली तर सावलीत धुवा आणि थेंब वाळायच्या आत पुसून काढा. नळाचं किंवा नदीचं गाळलेलं पाणी मिळत असेल तर शेवटच्या दोन बादल्या तरी त्या पाण्याच्या टाका. पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेलं पाणी त्याहून उत्तम. ताजी पांढरी कडी असतील तर पांढरं व्हिनेगर अर्धं आणि पाणी अर्धं असं मिसळून मऊ कापडानं त्या जागी लावा, अर्ध्या मिनिटात धुऊन टाका. हे उन्हात करू नका आणि गरम पत्र्यावर तर नाहीच.

धुण्याची रीत सांगतो. दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. आधी पाइपानं नुसतं पाणी मारून माती सुटू द्यायची. मग मऊ हातमोजा किंवा मायक्रोफायबरचं कापड शाम्पूत बुडवून टपापासून खाली यायचं. एक भाग झाला की कापड साध्या पाण्यात खळबळून मगच परत शाम्पूत. सगळी वाळू दुसऱ्या बादलीच्या तळाला राहते, तळाशी बघितलं की कळतं आपण काय घासत होतो. चाकं आणि खालचा भाग शेवटी, वेगळ्या कापडानं. ते कापड परत वर आणायचं नाही. जुनं बनियन, साडीचा तुकडा, भांड्याचा स्पंज, यातलं काहीही नको. कपड्याची पावडर आणि भांड्याचा साबण वॅक्स खरवडून नेतात, म्हणून गाडीचाच शाम्पू घ्या. शाम्पू, हातमोजा, चार चांगली मायक्रोफायबर कापडं आणि वॅक्सची एक बाटली, हे सगळं साधारण दीड-दोन हजारांत येतं आणि वर्षभर पुरतं.

सर्व्हिसिंग सेंटरवर धुवायला टाकणार असाल तर तिथं उभं राहा. ज्या फोमनं ट्रॅक्टरचं ग्रीस निघतं तो फोम नव्या गाडीवर नको, आणि तुमची कापडं तुम्हीच न्या. प्रेशरचं पाणी चालतं, पण नोझल वीतभर अंतरावरून स्टिकरच्या किंवा दगड लागून उडालेल्या रंगाच्या कडेवर धरू नये, तिथून रंग उचलला जातो.

आपल्या शिवारातले शत्रू

कंपनीच्या पुस्तकात पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक एवढंच लिहिलेलं असतं. आपल्याकडं यादी मोठी आहे.

ऊसतोडीनंतर पाचट पेटवलं की काळी राख गावभर उडते. गुऱ्हाळाची, कारखान्याच्या चिमणीची काजळी असते ती निराळी. राख कोरडी असताना फार त्रास देत नाही. पहाटे दव पडलं की ती भिजते. पूर्वी राखेनं भांडी निघायची ती तिच्यातल्या क्षारामुळं, हे आजीला विचारा. तोच क्षार ओला होऊन गाडीवर दिवसभर तापत राहतो. अशा दिवसांत सकाळी पहिलं काम, फडकं न लावता गाडीवर पाणी सोडायचं. राख पुसली तर तिच्यातले कोळशाचे कण रेघा ओढतात.

द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबरच्या छाटणीपासून ब्लोअर फिरायला लागतात. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. वाऱ्यानं त्याचे तुषार दोन बागा ओलांडून जातात. बांधावर उभ्या गाडीवर निळसर-पांढरे ठिपके बसतात आणि वाळल्यावर नखानं काढायचा मोह होतो. काढू नका. भरपूर पाण्यानं भिजवा, शाम्पू लावा, दोनदा-तीनदा करा. त्याच दिवशी केलं तर निघतं, आठवडा गेला तर चुन्याचा डाग राहतो. फवारणीला जाताना गाडी वारा येतो त्या बाजूला लावायची, एवढं केलं तरी निम्मं काम होतं. विद्राव्य खतांची आणि औषधांची डबडी डिकीच्या काठावर टेकवून ठेवू नका. सांडलं की तिथला रंग जातो.

आंब्याच्या मोहोराच्या दिवसांत गाडी झाडाखाली लावली की सकाळी काच चिकट लागते. तो तुडतुड्यांनी सोडलेला चिकटा. नुसत्या पाण्यानं जात नाही, कोमट पाण्यात शाम्पू घालून काढावा लागतो. पाखरांची शीट सगळ्यात घाई करायला लावणारी. ती आम्ल असते, आणि एप्रिलच्या उन्हात तापलेल्या बॉनेटवर काही तासांत डाग पाडते. गाडीत पाण्याची बाटली आणि एक मऊ कापड कायम ठेवा. ओलं कापड त्यावर पाच-दहा मिनिटं ठेवायचं, मऊ झालं की उचलून घ्यायचं. घासायचं नाही. बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत शीट, चीक, रसायनं आणि दगडानं पडलेले डाग धरत नाहीत, त्यामुळं नंतर शोरूमशी भांडून उपयोग नसतो.

जनावरांचंही बघा. गोठ्यालगत गाडी लावली तर म्हैस तिला अंग घासणारच, त्यात तिचा दोष नाही.

मग कोटिंग करायचं का?

वॅक्स, सीलंट, सिरॅमिक, पीपीएफ. हे सगळे प्रकार तंबोऱ्याच्या पॉलिशसारखे, वर चढवायचे.

वॅक्स म्हणजे मेण. चांगल्या वॅक्समध्ये ब्राझीलमधल्या कार्नौबा ताडाच्या पानांचं मेण असतं. आपल्या उन्हात महिना-दोन महिने टिकतं. हातानं लावायचं, धुकं धरल्यासारखं दिसलं की मऊ कापडानं पुसून घ्यायचं. सीलंट कृत्रिम असतं, चार-सहा महिने चालतं. दोन्ही घरी लावता येतात. पाणी ओघळून जातं, शीट आणि राख चटकन सुटते. बहुतेक गावकरी गाड्यांना एवढं पुरेसं आहे, हे माझं स्पष्ट मत.

सिरॅमिक कोटिंग हे सिलिकाचं द्रव. ते क्लिअर कोटला चिकटून कडक होतं, बहुतेक कोटिंगची जाडी एखाद-दोन मायक्रॉन. चांगलं केलं तर दोन-तीन वर्षं टिकतं, गाडी धुवायला सोपी जाते, चमक खरंच वेगळी दिसते. पण "दगड लागला तरी ओरखडा येत नाही" हे कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एक मायक्रॉन दगड अडवत नाही. जाहिरातीत '९एच' लिहितात, लोकांना वाटतं हिऱ्याच्या खालोखाल कडक. तो आकडा पेन्सिलींचा आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली रंगावर ओढून बघायची चाचणी असते, त्यातली सगळ्यात कडक पेन्सिल ९एच. वाळूचा कण पेन्सिलीपेक्षा कितीतरी कठीण असतो. पाच वर्षांची गॅरंटी देतात तिथंही दर काही महिन्यांनी त्यांच्याकडंच पैसे देऊन 'मेंटेनन्स' करून घ्यायची अट बारीक अक्षरात असते, ती वाचा.

आणखी एक. सिरॅमिकच्या आधी गाडीवर मशीन फिरवतात, खालच्या रेघा आत बंद होऊ नयेत म्हणून. जुन्या गाडीला ते लागतं. नव्या गाडीला अगदी हलका हात पुरतो, किंवा तोही नाही. दुकानदाराला विचारा, "आधी कंपाउंड लावणार का?" हो म्हणाला तर "कशासाठी?" हेही विचारा.

पीपीएफ म्हणजे प्लास्टिकसारखी जाड पारदर्शक फिल्म, दीडशे ते दोनशे मायक्रॉनची. म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगाहून जाड. दगड, झुडपाचे काटे, उसाच्या ट्रॉलीतून लोंबणारं वाढं, यांच्यापासून ती वाचवते. पूर्ण गाडीला लाखाच्या आसपास किंवा वर खर्च जातो, आणि आठ-दहा लाखांच्या गाडीला तो मला पटत नाही. पण तुकड्यात करता येतं. बॉनेटची पुढची कड, दारांच्या कडा, हँडलमागची वाटी जिथं अंगठीची रेघ पडते, आणि डिकीचा काठ जिथं पोती घासतात. रत्नागिरी-नागपूर महामार्गावरून खडीच्या डंपरमागून रोज जाणाऱ्यानं बॉनेटपुरता तरी विचार करावा.

शोरूममध्ये हे 'पेंट प्रोटेक्शन' किंवा 'टेफ्लॉन' अशा नावानं अ‍ॅक्सेसरीजच्या बिलात आलेलं असतं. कधी पॅकेज म्हणून, कधी "हे घेतलं तर गाडी लवकर मिळेल" म्हणून. नको असेल तर नको म्हणता येतं. गाडीसोबत दुसरी वस्तू किंवा सेवा घ्यायलाच लावणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये निर्बंधकारक व्यापार प्रथा धरली आहे. आधी लेखी विचारा, ही रक्कम ऐच्छिक आहे की सक्तीची. लेखी म्हटलं की बरेचदा ती बिलातून आपोआप उतरते. नाहीच उतरली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, मराठीत बोलता येतं. पुढं जायचं तर जिल्हा ग्राहक आयोग सांगलीत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. घ्यायचंच असेल तर बिलावर कोटिंगचं नाव, किती थर, किती वर्षं आणि खराब झालं तर जबाबदार कोण, शोरूम की कोटिंगवाली कंपनी, हे लिहून घ्या.

कव्हर, पूर आणि एखादी रेघ

कव्हर घालणं चांगलंच, असं नाही. धुळीच्या गाडीवर कव्हर घातलं आणि वारा सुटला की ते रात्रभर गाडी घासत राहतं. धुऊन, वाळवून मगच घाला, आणि प्लास्टिकचं नको, आत घाम धरतो. उघड्यावरच्या कव्हरपेक्षा पत्र्याचं शेड कधीही बरं. शेडमध्ये वैरण रचलेली असेल तर तिची कुसळं गाडीवर पडतात, ती फुंकरीनं किंवा पाण्यानं काढा.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या गाड्या पाण्यात गेल्या त्यांना इंजिनाचं दुखणं आधी दिसलं, रंगाचं नंतर. पुराचा गाळ मऊ दिसतो, पण वाळला की पुसताना सगळा रंग ओरबाडतो. गाळ ओला असतानाच पाण्यानं वाहून जाऊ द्यायचा, आणि वाळलाच तर तासभर भिजवत ठेवायचा. इंजिन मात्र मेकॅनिक येईपर्यंत चालू करायचं नाही.

एवढं जपूनही एक दिवस रेघ पडतेच. कुणाची तरी सायकल, कुणाचं तरी पोरगं. रेघेवरून आडवं नख फिरवून बघा. नख अडकलं नाही तर ती क्लिअर कोटमध्येच आहे, तेवढ्याच जागी हातानं हलकं पॉलिश केलं तर जाते, त्यासाठी पूर्ण गाडीला मशीन लावून घेऊ नका. नख अडकलं तर रेघ खोल आहे, पॉलिशनं जाणार नाही, तिथं टच-अप लागतं. पत्रा दिसत असेल तर पावसाळ्याआधी नक्की लावा, नाहीतर गंज आतून पसरतो. टच-अपची छोटी बाटली किंवा पेन दुकानात मागताना नुसतं "पांढरा" म्हणू नका, एकाच कंपनीचे तीन-तीन पांढरे असतात. बहुतेक गाड्यांना दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली एक पट्टी असते, तिच्यावर रंगाचा कोड लिहिलेला असतो. त्याचा मोबाइलमध्ये आजच एक फोटो काढून ठेवा.